वाचक विचारतात : घरातला आवाज खरा कधी वाटतो?

मागच्या अंकात म्हटलं होतं की घरच्या म्युझिक सिस्टिमबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा. पत्रं, मेल, व्हॉट्सॲप असं सगळीकडून इतकं आलं की सगळं छापणं शक्य नाही. पण वाचताना जाणवलं की बहुतेकांचं दुखणं एकच आहे, पैसे घालून सिस्टिम आणली, आवाज मोठा येतो, स्वच्छ येतो, तरी समोर कुणी बसून गातंय असं काही वाटत नाही. म्हणून यावेळी त्याच धाग्यातले सहा प्रश्न घेतलेत.

प्रश्न : रिडेव्हलपमेंटनंतर आम्ही चाळीतून नव्या टॉवरमध्ये आलो. हॉल १८ बाय १०, उंची ९ फूट. दुकानात ऐकून बुकशेल्फ स्पीकरची जोडी आणि ॲम्प्लिफायर घेतला, तिथे एक नंबर वाटत होता, घरी मात्र डग्गा मधेच कुठेतरी घुमतो आणि गाणाऱ्याचा आवाज पोकळ येतो. दुकानदार म्हणतो ॲम्प बदला. बदलू का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : नका बदलू, निदान आत्ता तरी नका. तुम्ही खोलीची मापं लिहिलीत हे फार बरं केलंत, कारण उत्तर त्या मापांतच आहे.

आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या स्वराची अर्धी लहर बरोबर मावते तो स्वर त्या खोलीत फुगतो, आणि त्याच्या दुपटीचा, तिपटीचाही फुगतो. १० फुटांसाठी हा आकडा येतो साधारण ५६ हर्ट्झ. १८ फुटांसाठी ३१, आणि त्याची दुप्पट ६२. आता उंची बघा, ९ फुटांसाठी परत ६२! म्हणजे तुमच्या हॉलची लांबी उंचीच्या बरोबर दुप्पट असल्यामुळे दोन फुगवटे एकाच जागी येऊन बसलेत, आणि शेजारी ५६ वाला आहेच. मग डग्ग्यावर घिस्सा घेतला, बेस गिटार खाली उतरली, की त्या पट्ट्यात आलेला सूर अंगावर येतो आणि बाजूचा सूर गायब होतो. यात ॲम्पचा काही दोष नाही, दुसरा ॲम्प आणलात तरी खोली तीच राहणार.

पैसे न घालता काय करता येईल ते आधी करा. खालच्या स्वरांचा दाब भिंतीलगत सगळ्यात जास्त असतो आणि आपल्याकडे सोफा हमखास भिंतीला चिकटवलेला असतो, म्हणजे ऐकायला आपण नेमके सगळ्यात वाईट जागी बसतो. सोफा दीड-दोन फूट पुढे घ्या. जागा नसेल तर निदान ऐकायच्या वेळेपुरती एक खुर्ची पुढे ओढा, फरक लगेच कळेल. स्पीकर कोपऱ्यात असतील तर तिथून काढा, कोपरा खालचे स्वर आणखी वाढवतो. तुमच्या स्पीकरला मागच्या बाजूला भोक असेल तर त्याला मागे मोकळी जागा लागतेच. आणि रुंदीच्या दिशेने ऐकण्यापेक्षा लांबीच्या दिशेने ऐका, म्हणजे स्पीकर १० फुटी भिंतीकडे आणि तुम्ही खोलीच्या लांबीत बसलेले, पण अगदी मधोमध नको.

हे झालं डग्ग्याचं. गाण्याचा आवाज पोकळ येतो त्याचं कारण वेगळं आहे. हॉलमध्ये उभं राहून एक खणखणीत टाळी वाजवा. टाळीच्या मागून टर्रर्र असा बारीक आवाज आला तर समजा की दोन उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे टोलवतायत. व्हिट्रिफाइड टाइल, काचेचं मोठं स्लायडिंग, पीओपीचं सीलिंग, नव्या फ्लॅटमध्ये सगळंच गुळगुळीत आणि कडक. तुमच्या जुन्या खोलीत लाकडी तक्तपोशी होती, कोपऱ्यात गाद्यांची वळकटी, दोरीवर कपडे, पलंगाखाली ट्रंका आणि बोचकी, आवाज शोषायला आणि विखरायला भरपूर काही होतं. तिथला साधा टेपरेकॉर्डर गोड वाटायचा असं तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय, ते फक्त आठवणींमुळे नाहीये, ती खोलीच ऐकायला चांगली होती. तेव्हा स्पीकर आणि सोफा यांच्यामधल्या जमिनीवर जाड सतरंजी किंवा गालिचा टाका, काचेवर चुण्यांचा जाड पडदा लावा, एका बाजूच्या भिंतीला पुस्तकांचं उघडं शेल्फ उभं करा. एक इंची फोमच्या चौकटी चिकटवून सगळी भिंत भरू नका, त्या फक्त वरचे स्वर खातात, डग्गा होता तसाच घुमत राहतो आणि वर खोली गुदमरल्यासारखी होते. अगदी मुकी खोलीही खरी वाटत नाही, कारण माणूस रोज जिथे बोलतो-हसतो तिथे थोडा परतलेला आवाज असतोच आणि कानाला त्याची सवय असते.

शोकेसमधली भांडी आणि लोखंडी कपाटाचं दार हेही तपासा. ठरावीक सुराला ती थरथरतात आणि आपण स्पीकर फाटला म्हणून घाबरतो.

प्रश्न : स्पीकरची वायर महागातली घेतली की आवाज नैसर्गिक होतो का? मला जोडीला बारा हजारांची सांगितली आहे.
— एक वाचक, परळ

उत्तर : नाही होत. साधी चांगल्या तांब्याची २.५ स्क्वेअर एमएम वायर ५ मीटर लांब घेतली, तर जाऊन-येऊन १० मीटरचा रोध साधारण ०.०७ ओहम भरतो, ८ ओहमच्या स्पीकरसमोर हे १ टक्कासुद्धा नाही. बारा हजारांत गालिचा आणि पडदा दोन्ही येतील. फक्त आपल्या हवेत तांबं काळं-हिरवं पडतं, म्हणून दर पावसाळ्यानंतर वायरीची टोकं पुन्हा सोलून घट्ट बसवा.

प्रश्न : दादा, मी शास्त्रीय गाणं शिकते. रियाजासाठी आणि ऐकण्यासाठी १५ हजारांपर्यंत काहीतरी घ्यायचंय. लॅमिंग्टन रोडला दोन-तीन दुकानं फिरले, सगळे वॉट सांगतात आणि सगळे म्हणतात आमचाच आवाज नॅचरल. नॅचरल म्हणजे नक्की काय आणि ते मी ओळखू कसं?
— एक विद्यार्थिनी, चेंबूर

उत्तर : मला हा प्रश्न सगळ्यात जास्त आवडला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खरा आवाज ओळखायचा तर खरा आवाज कानात असायला हवा, आणि मुंबईत नेमकी तिथेच अडचण आहे. गणपतीच्या मंडपात स्पीकर, शाळेच्या गॅदरिंगला स्पीकर, नाट्यगृहात स्पीकर, हल्ली तर पन्नास माणसांच्या घरगुती बैठकीतही माइक लावतात. म्हणजे लाइव्ह ऐकलं असं आपण म्हणतो तेव्हाही ऐकलेला असतो स्पीकरच. एनसीपीए या कलाकेंद्राचं टाटा थिएटर १९८० मध्ये उघडलं, फिलिप जॉन्सन यांची रचना आणि ध्वनीचं काम सिरिल हॅरिस यांचं, विनामाइकचं गाणं-बजावणं मागच्या रांगेपर्यंत पोचावं असा विचार त्यामागे होता, पण असं ऐकायला मिळणं आता दुर्मिळच. तू मात्र क्लासला जातेस, तुझ्यासमोर चार फुटांवर गुरू गातात, बाजूला तानपुरा चालू असतो, तबलजी असतो. तुझ्याकडे जे माप आहे ते दुकानदाराकडे नाहीये. तेच वापर.

पहिली कसोटी घरच्या माणसाच्या आवाजाची. आईला किंवा आजीला गच्चीवर ने, मोकळ्यावर, भिंतीपासून लांब, आणि फोन तोंडापासून हातभर अंतरावर धरून मिनिटभर बोलू दे, काहीही, आज भाजी काय आणली, कोण आलं होतं. गच्चीवर यासाठी की घरात रेकॉर्ड केलं तर त्यात घराचा आवाज मिसळतो, आणि वाजवताना दुकानाचा परत एकदा मिसळतो. मग हे रेकॉर्डिंग प्रत्येक स्पीकरवर, आई बोलते तेवढ्याच मोठ्या आवाजात वाजव. शक्य असेल तर आईलाच दुकानात घेऊन जा, आधी तिला स्पीकरशेजारी उभं राहून बोलू दे, मग रेकॉर्डिंग लाव. आपल्या माणसाचा आवाज आपण इतका ओळखतो की थोडं नाकातून आलं, छातीतला भरीवपणा गेला, स आणि च टोचायला लागले, तर एका वाक्यात कळतं. दादरच्या एका घरी आम्ही हा प्रयोग केला तेव्हा आजींचं 'अरे चहा टाकलाय, निवेल' एवढं वाक्य तीन स्पीकरवर वाजवलं. एकावर त्यांना सर्दी झाली होती, दुसऱ्यावर त्या विशीतल्या वाटत होत्या, आणि तिसऱ्यावर स्वयंपाकघरातल्या सूनबाईंनी आतून 'आले' म्हणून उत्तर दिलं. तिसरा स्पीकर तिघांत सगळ्यात स्वस्त होता.

असं का होतं तेही सांगतो. व्यंजनांची स्पष्टता मुख्यतः १००० ते ४००० हर्ट्झमध्ये असते आणि कानही तिथेच सगळ्यात तिखट. पण बहुतेक बुकशेल्फ स्पीकरमध्ये खालचे स्वर देणाऱ्या मोठ्या कोनकडून वरचे स्वर देणाऱ्या छोट्या ट्वीटरकडे काम सोपवलं जातं ते २००० ते ३००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे नेमकं गळ्याच्या मधोमध. हा सांधा नीट जुळला नसेल तर एकाच माणसाचा आवाज दोन ठिकाणांहून आल्यासारखा होतो, आणि जरा बाजूला सरकून बसलं की बदलतो. म्हणून दुकानात समोर बसून ऐकलंस की बाजूला दोन पावलं सरकूनही ऐक. बाजूने आवाज मंद व्हावा, पण त्याची जात बदलू नये.

दुसरी कसोटी तानपुरा, आणि ॲपमधला नको, खऱ्या तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग. जवारी, म्हणजे घोडीवर तार टेकते ती जागा, चांगली लागलेली असली की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, स्वयंभू गंधार, तुला क्लासमध्ये दाखवला असेलच. तो त्या तारेचा पाचवा स्वरांश, म्हणजे मूळ स्वराच्या पाचपटीचा, त्याच्यासोबतच वाजणारा बारीक स्वर. काळी एकचा षड्ज साधारण १३८ हर्ट्झ, म्हणजे खर्ज ६९, आणि त्याची पाचपट होते ३४५ च्या जवळ. तुझ्या बजेटमधला छोटा स्पीकर ६९ पूर्ण ताकदीने नाही देणार, पण ३४५ त्याला सहज जमायला हवा, आणि वरचे स्वरांश नीट आले तर खर्ज कान स्वतः भरून काढतो. तेव्हा बेस कमी आहे म्हणून स्पीकर बाद करू नकोस. गंधार तरंगत ऐकू येतो का, चारही तारा वेगळ्या राहतात का, की नुसती झणझण होते, हे बघ. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला. ज्या कारागिरांनी एका धाग्याच्या सरकण्यावर जवारी साधायला आयुष्य घातलं, त्यांचं काम ऐकू येत नसेल तर त्या स्पीकरवर कितीही वॉट लिहिलेले असू देत.

तिसरी तबला. साध्या चामड्याला ठाम सूर नसतो, मधल्या काळ्या शाईमुळे तबल्याचे स्वरांश सुरात येतात. सी. व्ही. रामन आणि त्यांच्या सहकाऱ्याने यावर १९२० मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात लिहिलं होतं. म्हणून 'ना' वाजला की षड्ज ऐकू यायला हवा. वाईट स्पीकरवर फक्त टक ऐकू येतो, सूर जातो.

आता दुकानातली एक खबरदारी. दोन स्पीकरमध्ये जो किंचित मोठा वाजतो तो कानाला चांगला वाटतो, मोठा आहे असं कळतसुद्धा नाही. त्यामुळे दोन्हींचा आवाज सारखा करून घे, फोनवरचं डेसिबल मोजायचं ॲप एवढ्या कामाला पुरतं. आणि मैत्रिणीला सांग बदलायला, तू पाठ करून बस. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलमध्ये ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी पडद्यामागे स्पीकर ठेवून लोकांना वर्षानुवर्षं ऐकवलं, तेव्हा लोकांची पसंती बरीचशी एकाच बाजूला गेली, समोरून सपाट, म्हणजे कुठलाच स्वर न फुगवणारा, आणि बाजूनेही सुरळीत उतरणारा आवाज. पडदा काढला की हेच लोक आकार, किंमत, कंपनी यांच्याकडे झुकतात, हे शॉन ऑलिव्ह यांच्यासोबत केलेल्या १९९४ च्या प्रयोगात दिसलं. आणि दोन-चार मिनिटांवर निर्णय नको, पण फार वेळ ऐकत बसून सवयही लावून घेऊ नकोस. १९१५ पासून एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत स्टेजवर गायिका आणि फोनोग्राफ शेजारी ठेवून कार्यक्रम केले होते, त्या काळातलं ते मर्यादित मशीन आणि तरी कितीतरी श्रोते म्हणायचे फरक कळत नाही. कान असा पटकन जुळवून घेतो, म्हणून मधेमधे खरा आवाज ऐकून परत यायचं.

घ्यायचं काय म्हणशील तर टेबलावर ठेवायची छोटी ॲक्टिव्ह मॉनिटरची जोडी बघ, ॲम्प आतच असतो. ट्वीटर कानाच्या उंचीला, दोन्हींमधलं अंतर आणि तुझं अंतर सारखं. वॉट बघायचेच तर आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी ताकद बघ, पीएमपीओ या क्षणभराच्या फुगवलेल्या ताकदीचा आकडा कितीही हजारांत असला तरी त्याला अर्थ नाही. वॉट दुप्पट झाले तर आवाज ३ डेसिबल वाढतो, एवढाच.

प्रश्न : आमचे नाना ७८ वर्षांचे आहेत, त्यांना टीव्हीवर नाट्यसंगीत ऐकायला आवडतं. साउंडबार आणून दिला तरी शब्द कळत नाहीत म्हणतात, आवाज वाढवतात, मग शेजारचे बोलतात. रात्री तर फारच पंचाईत होते. सेटिंग काय ठेवू?
— एक वाचक ताई, विलेपार्ले

उत्तर : ताई, आधी साउंडबारवरचे मूव्ही, सराउंड, बेस बूस्ट हे सगळे मोड बंद करा. नाट्यपदात गळा, ऑर्गन आणि तबला, यात सिनेमातल्या स्फोटांसारखं काहीच नाही, पण हे मोड ऑर्गन फुगवतात आणि शब्द त्याखाली जातो. स्पीच किंवा स्टँडर्ड असेल ते ठेवा.

दुसरं, बार टीव्हीखाली दहा फुटांवर ठेवण्यापेक्षा नानांच्या खुर्चीजवळ, तीन-चार फुटांवर एक साधा चांगला स्पीकर ठेवा. अंतर निम्मं झालं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने वाढतो आणि खोलीत घुमून येणारा तेवढाच राहतो, त्यामुळे शब्द सुटे होतात आणि शेजारी कमी पोचतं. रात्री १० ते सकाळी ६ रहिवासी भागाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ५५, तेव्हा जवळचा स्पीकर हाच खरा मार्ग.

हळू आवाजात गाणं पातळ वाटतं तेही स्वाभाविक आहे. १९३३ मध्ये बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं की आवाज कमी केला की खालचे स्वर कानाला मधल्यांपेक्षा जास्त कमी झालेले वाटतात. बेसची कळ किंचित वर केली तर चालेल, शब्द झाकले जात नाहीत एवढं बघा. आणि वयाबरोबर वरचे स्वर आधी जातात, स, श, फ, थ तिथेच असतात. नानांची एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. कानाला मशीन लागलं तर त्यात कमीपणा नाही, आणि जे पद त्यांना पाठ आहे ते पुन्हा पूर्ण ऐकू आलं तर त्यांना केवढा आनंद होईल.

प्रश्न : आजोबांच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या आणि एलपी सापडल्या. नवा टर्नटेबल आणून ॲम्पच्या ऑक्सला लावला तर आवाज बारीक आणि किरकिरा येतो. तबकड्यांवर बुरशीही आहे, स्पिरिटने पुसू का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : स्पिरिट अजिबात नको! ७८ च्या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. फिल्टरचं पाणी, साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश, लेबल कोरडं ठेवून, आणि सावलीत उभ्या वाळवायच्या.

बारीक आवाजाचं कारण मधे फोनो प्रीॲम्प नाही हे आहे. रेकॉर्ड कापताना खालचे स्वर मुद्दाम कमी आणि वरचे जास्त केलेले असतात, प्रीॲम्प ते उलटं करून मूळावर आणतो. याचं आरआयएए नावाचं प्रमाण १९५४ च्या सुमारास रूढ झालं. काही टर्नटेबलमध्ये तो आतच असतो, मागे लाइन-फोनो असा खटका आहे का बघा. ७८ साठी सुईही वेगळी लागते, त्या तबकडीची खाच एलपीच्या जवळजवळ तिप्पट रुंद, एलपीची सुई तळाशी पडते आणि तळातली सगळी खरखर उचलते. ॲम्पला मोनोचं बटण असेल तर दाबा, खरखर बरीच खाली जाईल.

तबकडी फार जुनी असेल तर तिच्याकडून बेसची अपेक्षा करू नका. १९०२ मध्ये कोलकात्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने गायिका गौहरजान यांचं ध्वनिमुद्रण केलं तेव्हापासून १९२५ पर्यंत माइकच नव्हता, गायक कर्ण्यात तोंड घालून गायचे, खालचे आणि अगदी वरचे स्वर नोंदलेच गेले नाहीत. पण गळ्याचा मधला भाग त्यात आहे आणि तो अजून जिवंत आहे. इक्वलायझरने बेस ओढू नका, फक्त घरघर वाढते. वेग मात्र नक्की तपासा, सगळ्या तबकड्या बरोबर ७८ वर कापलेल्या नाहीत आणि वेग ६ टक्क्यांनी चुकला की पट्टी अर्ध्या सुराने सरकते. गायकाची पट्टी माहीत असेल तर शेजारी तानपुरा लावा आणि षड्ज जुळेपर्यंत वेग हलवा. षड्ज जुळला की तानांचा ओघही जागेवर येतो आणि माणूस वेगळाच वाटायला लागतो.

प्रश्न : घराला रंग काढल्यावर सिस्टिम परत जोडली, तर गाणाऱ्याचा आवाज मधून यायचा तो आता कुठूनही येत नाही, सगळीकडे पसरलाय, आणि बेस गेलाय. स्पीकर बिघडला का?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : बहुतेक नाही, एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली असणार. मग एकाचा कोन पुढे जातो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि खालचे स्वर एकमेकांना खोडतात. कुठल्याही एकाच स्पीकरच्या दोन वायरी ॲम्पच्या बाजूला अदलाबदल करा आणि निवेदकाचा नुसता आवाज लावून मधे बसा, तो दोन्हींच्या बरोबर मधून आला की जोडणी बरोबर. वायर उघडण्याआधी ॲम्प मेनवरून बंद करा, एक सुटी तार जरी शेजारच्या टर्मिनलला टेकली तरी आउटपुट जळू शकतो.